येथे जीवसृष्टी शक्य नाही

आमच्या विज्ञान संग्रहालयात ग्रहांचं एक दालन आहे. त्यात चार ग्रह आहेत, आणि चारही माझ्या मेव्हण्याने केलेत. असं म्हणण्याची संधी जगात फार थोड्या लोकांना मिळते. ज्यांना मिळते त्यांनी ते जरा हळू आवाजात म्हणावं, हे मला आता पटलंय.

मेव्हण्याला सगळे कलाकार म्हणतात. कोणी कौतुकाने म्हणतं, कोणी दात-ओठ खाऊन. माझी बायको दोन्ही प्रकारे म्हणते, कारण ती त्याची मोठी बहीण आहे. संग्रहालयात येण्याआधी तो नाटकांचे सेट करायचा. सेट दिसायला देखणे असायचे, फक्त उभे राहायचे नाहीत. त्याचा राजवाडा दुसऱ्या अंकातच राजाच्या खांद्यावर मान टाकायचा. एका नाटकात तर म्हातारा बाप मरायच्या आधी त्याची खोलीच गेली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, निर्मात्याने कलाकाराला वाजवलं. त्यानंतर तो चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आला आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर असा काही पसरला, की आलेले पाहुणे उभ्या उभ्या ख्यालीखुशाली विचारून निघून जायला लागले. तसा तो गुणी. जेवणाला नावं ठेवत नाही, भांडत नाही. फक्त असतो. सगळीकडे असतो.

मी त्या दालनात माहिती सांगायचं काम करतो. हातात काठी, कॉलरला माइक, समोर सहलीची गर्दी. संग्रहालयाला मॉडेल करणारा माणूस हवाय असं कळलं, तेव्हा मी त्याचं नाव पुढे केलं. नेमणूक तात्पुरती होती. सहा महिन्यांनी बाहेरून कोणीतरी जाणकार येणार, दालन तपासणार. पास केलं तर कलाकार कायम, आणि कायम झालेल्याला राहायला संग्रहालयाची खोली. नापास केलं तर सोफा. यात माझा स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही, पण कलाकाराचाही जीव त्या नोकरीत अडकला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो सकाळी न हलवता उठायला लागला होता. बायको म्हणाली, "अहो, तो स्वतःहून दाढी करतोय. हे जमलं पाहिजे हो."

तर ग्रह. मी सांगतो ते असं. पहिला आमचा भाजका ग्रह, ताऱ्याच्या फार जवळ. पाणी असलंच तर वाफ होऊन उडालं. दुसरा गारठलेला, ताऱ्यापासून फार लांब. पाणी आहे, पण ते फोडायला हातोडा लागेल. तिसरा उजाड. याचं अंतर तसं ठीक, पण अंगाने अगदीच लहान. लहान ग्रहाला आपली हवा धरून ठेवता येत नाही. त्यात ताऱ्याकडून येणारा कणांचा मारा परतवायला भोवती चुंबकाची छत्री नाही. हवा गेली, हवेच्या मागे पाणी गेलं. तिथे पाटी लावलीय, 'येथे जीवसृष्टी शक्य नाही.' आणि चौथा जिवंत ग्रह, त्याची पाटी 'येथे जीवसृष्टी शक्य आहे.' अंतर बेताचं, अंगपिंड बेताचं, ऊब बेताची, हवा बेताची, आणि पाणी वाहतं. मी 'बेताचं' म्हणायला लागलो की गर्दीतल्या बायका आपापल्या नवऱ्याकडे बघतात.

खरं तर कार्यालयाने ग्रह थर्माकोलचे सांगितले होते. कलाकार भडकला.

"भावोजी, थर्माकोलचा ग्रह म्हणजे ग्रह नाही, पॅकिंग आहे. खोटं काम मी सोडलंय. दगड तर दगड, माती तर माती."

मग पलंगाएवढ्या चार काचेच्या पेट्या आल्या. भाजक्यात त्याने जळके दगड रचले, गारठलेल्यात काचेचे डोंगर उभे केले. उजाड ग्रहासाठी तो मागच्या आवारातून पोत्याने माती आणायचा आणि त्यात विटेचा चुरा कालवायचा. तांबड्या टेकड्या, कोरड्या नद्या, खड्डे. खरंच सुंदर झाला होता. बघूनच घशाला कोरड पडायची. जिवंत ग्रहात खरं शेवाळ, खरी नेच्याची रोपं, छोटं तळं, तळ्यात पाणी फिरवणारा पंप.

आता गंमत अशी, की त्या जिवंत ग्रहावर सगळ्यांची माया होती, आणि त्या मायेनेच तो मेला. संचालक साहेब रोज सकाळी ऑफिसात जाण्याआधी आपल्या हाताने त्यावर पेलाभर पाणी शिंपडायचे. साहेब गेले की सफाईवाल्या मावशी, "साहेबांचं कसलं पाणी, नुसतं तोंडदेखलं," असं म्हणून तांब्याभर घालायच्या. वायरमन येता-जाता दिवा थोडा वाढवायचा, कारण त्याला वाटायचं झाडांना एसीची थंडी बाधत असेल. मीसुद्धा चिमूटभर खत टाकायचो. चिमूट माझी असली, तरी ती प्रत्येक गर्दीनंतरची चिमूट होती. यातलं कोणी कोणाला सांगायचं नाही, कारण प्रत्येकाला वाटायचं की हा ग्रह आपल्यामुळेच चाललाय.

ग्रह कुजला. कलाकाराने नवी झाडं आणली. ग्रह परत कुजला. तिसऱ्यांदा शेवाळातून असा वास सुटला, की एका सहलीच्या बाईंनी मुलांना विचारलं, "डबा कोणाचा उघडा राहिलाय?"

तेव्हा खोटं काम सोडलेल्या कलाकाराने गुपचूप प्लास्टिकची झाडं आणून तिथे रोवली. मला म्हणाला, "तपासणी होईपर्यंत, भावोजी. आईशप्पथ." दुसऱ्या दिवशी संचालक साहेबांनी नेहमीप्रमाणे पेलाभर पाणी शिंपडलं, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि म्हणाले, "आता कसं तरारलंय!"

मी काठी घट्ट धरून उभा राहिलो. अशा वेळी हातात काहीतरी धरायला असलेलं बरं असतं.

यानंतर थोड्याच दिवसांनी मी गर्दीला उजाड ग्रहापाशी घेऊन उभा होतो. आवाज खाली आणला. इथे मी नेहमी आणतो. "या ग्रहावर," मी म्हणालो, "गवताची काडीसुद्धा उगवू शकत नाही."

पुढे उभे असलेले एक आजोबा काचेला नाक लावून म्हणाले, "मग ही काय उगवलीय?"

मी बघितलं. एका खड्ड्यात दोन जाडजूड हिरवी पानं, हात जोडून उमलल्यासारखी उभी होती. मला ब्रह्मांड आठवलं. ब्रह्मांड आठवणं हा माझा पेशाच आहे, पण असं कधी आठवलं नव्हतं.

"ते... ते खनिज आहे," मी म्हणालो.

"मला वाटलं भोपळा," आजोबा म्हणाले. "आमच्या परसात असंच खनिज येतं."

संध्याकाळी दालन बंद झाल्यावर मी कलाकाराला हाताला धरून तिथे आणलं. तो खाली वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मला वाटलं पाठ धरली.

"उपट," मी म्हणालो.

"भावोजी..."

"भावोजी-बिवोजी नंतर. तपासणी तोंडावर आलीय. पाटीवर लिहिलंय शक्य नाही, आणि आत भोपळा! उपट."

कलाकार सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. "मी आजवर एवढी कामं केली," तो म्हणाला. "राजवाडे केले, देवळं केली, एकदा अख्खं जहाज केलं. त्यातलं हे पहिलं, जे आपल्या पायावर उभं राहिलंय. आणि तुम्ही म्हणता उपट?"

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तो हट्टाला पेटला की आमच्या बाबांनीसुद्धा हात टेकले होते. तुम्ही कशाला टेकायचे बाकी ठेवता?"

मग झाकाझाकी सुरू झाली. कलाकाराने पुठ्ठ्यावर माती थापून एक टेकडी केली आणि रोपावर ठेवली. रोप आतून वाढलं, टेकडी तिरकी झाली. त्याने मोठा डोंगर केला. रोपाने डोंगर उचलला. एका बाईंनी विचारलं, "हा डोंगर काल तिकडे होता ना?" मी म्हणालो, "भूकंप." शेवटी कलाकाराच्या मनात आलं की आत अंधारात ते बिचारं गुदमरत असेल, म्हणून त्याने डोंगराला वर तोंड ठेवलं. झाला ज्वालामुखी. चार दिवसांनी ज्वालामुखीच्या तोंडातून एक भलंमोठं हिरवं पान बाहेर आलं आणि हलायला लागलं. मी लोकांना सांगायला लागलो की हा विषारी वायू आहे. लोक मान डोलवायचे. कोणाच्या हातात काठी असली की लोक पुष्कळ गोष्टींना मान डोलवतात.

तपासणीला येणाऱ्या बाई खगोलशास्त्रज्ञ होत्या. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर जीव असेल का, हे शोधण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. आधीच्या एका संग्रहालयात म्हणे त्यांनी दारातूनच एका ग्रहाचा आस चुकीचा कललाय हे ओळखलं होतं. त्या यायच्या आधीच आमच्याकडे त्यांचं नाव दुर्बीणबाई पडलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी दालनाचं कुलूप काढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्वालामुखीच्या तोंडात भोपळ्याचं फूल उमललं होतं. चांगलं तळहाताएवढं, पिवळंधमक. ते खुडायला काच सरकवू लागलो, तेवढ्यात मागून संचालक साहेबांचा आवाज आला.

"वा! वा, वा, वा!"

मी जागीच थिजलो. माझ्या मागे कलाकार उभा होता, तोही थिजलेला.

साहेब पेट्यांपासून हातभर अंतरावर थांबले, डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला केलं. "लाव्हा!" ते म्हणाले. "काय रंग साधलाय! नाहीतर आमच्या वेळी लाव्हा म्हणजे नुसता लाल. कलाकार, तुम्ही आज नाव काढलंत. याला हात लावू नका, सुकू द्या."

साहेबांचा चष्मा ऑफिसात होता. तो नेहमी ऑफिसातच असतो.

दुर्बीणबाई आल्या त्या अगदी साध्या. खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला चष्मा. आमच्यासारख्यांना लांबचं बघायला चष्मा लागतो, त्या जवळचं बघायला काढून ठेवायच्या. भाजका ग्रह बघितला, "छान." गारठलेला बघितला, "हेही छान. बर्फावरच्या भेगा कोणी सांगितल्या तुम्हाला?" कलाकार म्हणाला, "कोणी नाही. आमच्या फ्रीजमध्ये पडतात." मी जमिनीकडे बघितलं, कारण तो फ्रीज माझा होता.

तिथून साहेबांनी बाईंना थेट जिवंत ग्रहाकडे नेलं. "मॅडम, हा माझा लाडका. मी स्वतः रोज पाणी घालतो. बघा, एक पान पिवळं नाही!"

बाईंनी काच सरकवून बोटाने पानावर टिचकी मारली. टक्. परत मारली. टक्.

"पडणारही नाही," त्या म्हणाल्या.

"माया आहे, मॅडम. माया लागते."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं मला सांगता येणार नाही, पण आपल्याकडे कोणी तसं बघू नये. कलाकाराचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. साहेब आपले पुढे निघाले.

"आता ही खरी कलाकृती. उजाड ग्रह. लाव्हा बघा, मॅडम. वाटतं की नाही आत्ता फुललाय?"

"एवढ्या लहान ग्रहाचं पोट कधीच थंड पडलेलं असणार," बाई म्हणाल्या. "ज्वालामुखी कशाला हवा होता?" असं म्हणत त्यांनी चष्मा काढला आणि वाकल्या.

त्याच क्षणी लाव्ह्यातून एक मधमाशी बाहेर आली. काठावर बसून तिने पाय झाडले, अंगावरची पिवळी पूड सावरली, मागच्या काचेच्या फटीतून बाहेर पडली आणि बाईंच्या कानाजवळून शांतपणे खिडकीकडे निघून गेली.



"बाहेरची असेल," साहेब म्हणाले.

"आणि भोपळा?"

"कोणता भोपळा?"

बाईंनी कलाकाराला पेटीची काच सरकवायला सांगितली आणि दोन्ही हातांनी ज्वालामुखी उचलला. खाली वेलाची भरगच्च वेटोळी होती, पानांवर पानं. एक कोवळा तंतू पुढे येऊन 'येथे जीवसृष्टी शक्य नाही' या पाटीच्या कडेला गुंडाळला होता, चांगले दोन वेढे घालून. साहेबांनी खिशात चष्मा शोधला, तो नव्हता, म्हणून ते इतके वाकले की नाक पानाला लागलं. मग त्यांना कळलं.

"हा घातपात आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलवा!"

मावशी आल्या, वायरमन आला. बाईंनी पिशवीतून पेन काढलं.

"पाणी कुठून येतं याला?"

वायरमन लगेच म्हणाला, "माझी चूक नाही, मॅडम. एसीचं पाणी फरशीवर टपकायचं, लोक घसरायचे. म्हणून मी नळी वळवून या पेटीच्या मागे सोडली. म्हटलं, नाहीतरी उजाडच आहे, बिघडणार काय?"

"म्हणजे थेंब थेंब, दिवसभर. बरं. आणि हा दिवा? दालनाच्या नकाशात तर तो पलीकडे दाखवलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "बोलताना माझ्या डोळ्यावर यायचा," मी म्हणालो. "काठीने जरासा ढकलला. अगदी बेताचा."

"मागची काच थोडी उघडी आहे."

"ती मी ठेवते," मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आतून सारखी वाफ धरते, पुसून पुसून हात दुखतात. जरा हवा खेळली की धरत नाही. यात काय गुन्हा झाला? आणि मला विचारायच्या आधी त्या पेलावाल्यांना विचारा."

पेलावाले साहेब खाकरले.

"आणि माती?"

कलाकाराने मान वर केली. "मागच्या आवारातून. कँटीनच्या मागे फार छान भुसभुशीत माती आहे."

"कँटीनचा ओला कचरा कुठे टाकतात?"

कलाकाराने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "तिथेच."

बाई हसल्या. पहिल्यांदा हसल्या, आणि थांबेनात. पिशवीतून रुमाल काढून त्यांनी डोळे टिपले. "अहो, आमची सगळ्यात मोठी भीती आहे ही. दुसऱ्या ग्रहावर यान पाठवायचं ना, तर त्याचे भाग आधी भाजून काढतात, पुसून काढतात, माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन काम करतात. का, तर आपल्याच अंगावरचा एखादा जंतू तिकडे जायचा. नाहीतर कोट्यवधी मैल जाऊन जीव सापडला म्हणून पेढे वाटायचे, आणि निघायचं आपल्याच कँटीनमधलं!"

"तेच म्हणतोय मी," संचालक साहेब घाईने म्हणाले. "बेजबाबदारपणा. यात माझा काडीचा संबंध नाही. मी तर या पेटीकडे सहा महिन्यांत फिरकलोसुद्धा नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तुमचं काम सगळ्यात मोलाचं झालं."

साहेबांना हे कौतुक आहे की काय ते कळेना. त्यांनी सावधपणे "थँक यू" म्हटलं.

"पाणी, ऊब, हवा हे आम्ही नेहमी सांगतो," बाई म्हणाल्या. "पण ते बराच काळ तसंच टिकावं लागतं. आज उन्हाचा भडका, उद्या पूर, परवा आणखी काहीतरी, असं चालत नाही. कोणी सारखं हलवाहलव न करता राहू द्यावं लागतं. जिकडे तुम्ही माया लावत होता, तिकडे प्लास्टिक आहे."

"प्लास्टिक?" साहेब म्हणाले.

मावशींनी पदराआड तोंड लपवलं. साहेब जिवंत ग्रहापाशी गेले, एक पान ओढलं. पान मुळासकट, मुळाच्या चकतीसकट हातात आलं. त्या चकतीवर दुकानाचं लेबल होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि पान परत रोवलं. खरं सांगायचं तर त्या घडीला मला त्यांची दया आली. दोन महिने त्या माणसाने प्लास्टिकला मनापासून पाणी घातलं होतं.

आता निकालाची वेळ आली. बाईंनी कागद पुढे घेतला. "उजाड ग्रह उजाड नाही," त्या लिहीत लिहीत म्हणाल्या. "जिवंत ग्रह जिवंत नाही. चारातले दोन गेले."

कलाकाराने ज्वालामुखी उचलून काखेत धरला, एखादा माणूस घर सोडताना उशी घेतो तसा. मला माझ्या सोफ्याची आठवण यायला हवी होती. पण आली ती त्याच्या दाढीची. सहा महिने रोज सकाळी बाथरूमच्या आरशापुढे शीळ घालत केलेली दाढी.

"मॅडम," मी म्हणालो, "दिवा मी ढकलला होता. तेवढं माझ्या नावावर लिहा."

"थांबा हो तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि कलाकाराकडे वळल्या. "मला एक सांगा. उगवल्याचं तुम्हाला लगेच कळलं होतं?"

"हो."

"मग उपटून का नाही टाकलंत? दोन पानं होती. कोणाला कळलंही नसतं, आज पास झाला असतात."

कलाकाराने ज्वालामुखी या काखेतून त्या काखेत घेतला. "जमलं नाही," तो म्हणाला. "ते फार खटपटीने आलं होतं, मॅडम. एवढं सगळं नाही म्हणत असताना आलं होतं. पाटीसुद्धा नाही म्हणत होती."

बाई थोडा वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. "माझी सगळी हयात," त्या म्हणाल्या, "कुठल्यातरी ठिपक्याच्या उजेडात असलं काहीतरी दिसेल म्हणून बघण्यात गेली. अजून नाही दिसलं. दिसलं, तर तिथे पोचणारा माणूस तुमच्यासारखा असावा. हुशार माणसं खूप आहेत हो. पटकन उपटतात."

आणि त्यांनी कागदावर खाली एक ओळ लिहिली. मी काठीच्या आधाराने टाचा उंच करून वाचली. 'नेमणूक कायम करावी. पाट्यांची अदलाबदल करावी. पुढच्या वेळी माती भाजून घ्यावी.'

"पण मॅडम, नियम..." साहेब म्हणाले.

"नियमात दालन पास व्हायला हवं असं आहे ना? पाट्या बदला, होतं पास. प्लास्टिकवर 'शक्य नाही' लावा, एकदम शास्त्रशुद्ध होईल."

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. मोठा माणूस! सही करून झाल्यावर म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटत होतं, या लाव्ह्यात जीव आहे."

कलाकार ज्वालामुखी खाली ठेवून माझ्या गळ्यात पडला. मग मावशींच्या पाया पडला. मग वायरमनच्या पडायला लागला, तर तो शिडीवर चढून बसला.

पुढच्या आठवड्यात नव्या उजाड ग्रहाची माती कँटीनच्या भट्टीत भाजायला ठेवली. त्या दिवशी पावाला असा काही खरपूस वास आला, की लोकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. भोपळ्याला मुक्कामाची नवी पेटी मिळाली. कोणी हात लावायचा नाही असा साहेबांनी हुकूम काढलाय, आणि त्या हुकुमाकडे लक्ष ठेवायला ते रोज लांब उभे राहून पेला हातात धरून नुसतं बघतात. एकदा पेला किंचित कललेला दिसला. मी खोकलो. सरळ झाला.

रविवारी कलाकाराची खोली बघायला आम्ही दोघं गेलो. खोली एकच, पण खिडकी मोठी. मला आपलं वाटलं, चला, छान आहे, कुलूप-किल्ली देऊ आणि निघू. पण बायकोने पदर खोचला आणि तपासणी सुरू केली. दुर्बीणबाई परवडल्या.

नळ सोडला. "पाणी किती वेळ असतं?"

"दिवसभर, ताई."

"धार बारीक आहे. पण आहे." खिडकी उघडली, दार उघडलं, मधे उभी राहिली. "वारा खेळतो." भिंतीला तळहात लावला. "ओल नाही. ऊन सकाळचं येतं की दुपारचं?"

"सकाळचं."

"बरं आहे, उठशील तरी." मग तिने छताकडे बघितलं. "हे तू नाही ना केलंस?"

"नाही गं ताई, आधीपासूनच आहे."

"मग टिकेल." ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आमच्या घराच्या दिशेला बघत असावी. मी मनातल्या मनात 'आता रडते वाटतं' म्हणून खिशातला रुमाल चाचपला. पण ती वळून मला म्हणाली, "अहो, मी येताना सगळा रस्ता मोजत होते. डबा पाठवला तर गरम पोचेल. आणि हा जेवायला रोज येणार नाही, कारण मधे चढ आहे."

"चढ मोठा आहे," मी भर घातली.

"एवढा काही नाही, भावोजी," कलाकार म्हणाला. "परवाच आलो की मी धावत."

"तू गप," आम्ही दोघं म्हणालो.

त्याने चहा केला. खोलीत कप दोनच होते, आणि एका कपात ब्रश उभे होते. बायकोने ब्रश काढून कप तीनदा घासला, तरी चहाला किंचित टर्पेंटाइनचा वास येत होता. मी दोन घोट घेऊन तो तिच्या हातात दिला, तिने एक घोट घेतला, नाक मुरडलं आणि उरलेला संपवला. कलाकार आपल्या खिडकीत बसला होता. त्याने हळूच विचारलं, "ताई, बरी आहे ना?"

"राहण्यासारखी आहे," ती म्हणाली. "पडदा लाव. आणि फडताळ त्या भिंतीला सरकव, इथे पाय ठेचेल. आत्ता सरकव, आम्ही आहोत तोवर."

मग आम्ही तिघांनी मिळून फडताळ सरकवलं. ते सरकलं, आणि उभंही राहिलं.